पालापाचोळ्यावरील बुरशीचा अभ्यास : सुरुवात करणाऱ्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पालापाचोळ्यावरील बुरशीचे काम हाती घेणारे बहुतेक विद्यार्थी पावसाळ्यात अळंबी उगवू लागली की रानात शिरतात. माझ्या अनुभवाप्रमाणे हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळ चालू असतानाच सुरू करावे. झाडावरची हिरवी पाने तोडून भागत नाही, कारण पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नत्र आणि स्फुरद बऱ्याच अंशी परत ओढून घेते आणि बुरशीच्या वाट्याला उरलेसुरलेच येते. ताजी गळलेली पाने, तीही पहिल्या वर्षी जांभळासारख्या एकाच झाडाची, गोळा करावीत.

ती वजन करून नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरायची, मेअखेर जमिनीवर ठेवायची आणि ठरावीक अंतराने उचलून कुजण्याने किती वजन घटले ते पाहायचे, ही पद्धत दिसायला सोपी आहे. मात्र पिशवीत जाणारी पाने ओव्हनमध्ये वाळवू नयेत. त्या उष्णतेने पानावर आणि पानाच्या आत आधीपासून राहणारी बुरशी मरते, आणि कुजण्याची सुरुवात बरेचदा तीच करत असते. पाने सावलीत वाळवावीत, थोडा नमुना वेगळा काढून ओव्हनमध्ये कोरडा करावा आणि त्यावरून बाकीच्यांचे कोरडे वजन काढावे. पुढे छळते ती आमच्याकडची तांबडी माती. ती पानांना अशी चिकटते की वजन घटण्याऐवजी वाढलेले दिसते. तेव्हा नमुना सुमारे 550 अंश सेल्सिअसला जाळून, माती जळत नसल्याने मागे उरणाऱ्या राखेचा हिशेब वजा करावा लागतो. मार्गदर्शक हे सहसा शेवटी सांगतात.

जुलैत ओला थर हलक्या हाताने उलगडून पाहावा. तपकिरी पानावर फिकट, जवळजवळ पांढरे चट्टे दिसले तर तेथे लिग्निन (पानाला ताठपणा देणारा, सहजी न कुजणारा घटक) फोडणारी बुरशी कामाला लागलेली असते. दोन वसाहती भिडतात तेथे बारीक काळी रेघ उमटते. घोड्याच्या केसासारखे काळे, ताठ तंतू पानांना एकमेकांशी बांधत गेलेले दिसले, तर ते मरॅस्मियस या पाल्यावर उगवणाऱ्या छोट्या अळंबीचे असण्याचा संभव मोठा. पानाचा तुकडा तसाच आगरवर (बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) ठेवला तर ही मंडळी सहसा हाती लागत नाहीत. पेनिसिलियम आणि ट्रायकोडर्मा या झपाट्याने वाढणाऱ्या बुरशी पाहता पाहता पेट्री डिश व्यापतात, आणि त्यांतले कितीतरी पानावर नुसते पडून असलेल्या बीजाणूंतून आलेले असतात. म्हणून पानाचा चुरा चाळणीवर वारंवार धुऊन मगच लावावा.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत काम करायचे असल्यास वनखात्याकडे अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा, तरच पानगळीच्या आत परवानगीचा कागद हाती पडण्याची आशा असते. खासगी रानात पिशव्या ठेवताना मालकाला जागा दाखवून ठेवावी, कारण पुढच्या उन्हाळ्यात गोठ्यात अंथरायला पाला गोळा होतो, त्यात पिशव्याही जातात.