एरंडेल तेलात बुडणारा छर्रा: गणित मांडण्यापूर्वी

वडोदऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एरंडेल तेलात सोडलेल्या पोलादी छर्ऱ्याची गती संगणकावर मांडण्याचा प्रकल्प मी घेतला. बाजारात ‘एरंडेल’ म्हणून भागले नाही, ‘दिवेल’ म्हणावे लागले. त्यापलीकडे काही अडचण येईल असे तेव्हा वाटले नव्हते.

छर्ऱ्याचे वजन त्याला खाली ओढते, तर प्लावक बल (द्रव बुडालेल्या वस्तूला वर ढकलतो ते बल) आणि वेगाच्या प्रमाणात वाढणारा श्यान विरोध, म्हणजे तेलाच्या दाटपणामुळे होणारा विरोध, त्याला वर रेटतात. या विरोधाचे सूत्र भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडले. तिन्ही बलांचा तोल साधला की वेग स्थिरावतो. 2 मिलिमीटर व्यासाच्या छर्ऱ्यासाठी, तेल 30 अंश सेल्सिअसला असताना, तो सेकंदाला सुमारे 3.3 सेंटिमीटर येतो.

मी ऑयलरची पद्धत वापरली, म्हणजे वेळेचे छोटे तुकडे (पायऱ्या) पाडून प्रत्येक पायरीला आधीच्या वेगावरून पुढचा वेग काढला, आणि 0.01 सेकंदाची पायरी पुरेशी बारीक आहे असे गृहीत धरले. दुसऱ्याच पायरीला छर्रा वर उसळला, तिसऱ्या पायरीला दुप्पट जोराने खाली आला, आणि मी दोन दिवस चिन्हांची चूक शोधत बसलो. समीकरण बरोबरच होते. छर्ऱ्याचा वेग स्थिरावण्याचा कालस्थिरांक, म्हणजे वेग किती झपाट्याने स्थिरावतो हे सांगणारा काळ, जेमतेम 4 मिलिसेकंद होता आणि पायरी त्याच्या दुपटीहून मोठी असली की ही पद्धत भरकटते, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून नवख्यांनी हा कालस्थिरांक आधी कागदावर काढावा आणि पायरी त्याच्या दहाव्या भागाहून लहान घ्यावी.

पायरी सुधारल्यावरही मोजलेला वेग गणितापेक्षा कमी भरला, कारण स्टोक्स यांचे सूत्र अमर्याद द्रवासाठी आहे आणि माझे मोजपात्र 4 सेंटिमीटर व्यासाचे होते. एवढ्या अंतरावरच्या भिंतीही वेग दहा टक्क्यांहून अधिक कमी करतात. हट्टाने 6 मिलिमीटरचा छर्रा टाकला, तेव्हा भिंतींचा परिणाम तर वाढलाच, शिवाय रेनॉल्ड्स अंक (द्रवाच्या जडत्वाचा परिणाम श्यानतेच्या तुलनेत किती, हे सांगणारा आकडा) 1 च्या वर गेल्यामुळे सूत्राचा आधारही सुटला. असा छर्रा मोहात पाडतो, कारण तो छान दिसतो. पण सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये.

तापमानाबाबत मात्र मी सर्वांत निष्काळजी होतो. 20 अंशांवरून 30 अंशांवर जाताना या तेलाची श्यानता निम्म्याहून खाली येते, आणि मी नोंदवहीत भिंतीवरच्या तापमापकाचे आकडे लिहीत होतो, तेल मात्र मे महिन्याच्या उन्हातून स्कूटरवर नुकतेच आणलेले असे.