रास्पबेरी पायवर डोळ्याच्या पडद्याचा कॅमेरा बनवायचाय? आधी लाइटचं बघा

पोर्टेबल इमेजिंग म्हटलं की सगळ्यांना आधी सोनोग्राफीच सुचते. ती सोडा. 1994 चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा आहे, मशीनची नोंदणी लागते, घरी टेबलावर खोलून बसायची ती वस्तू नाही. एक्सरे म्हणाल तर एईआरबी, म्हणजे किरणोत्सर्गाचे नियम बघणारी सरकारी संस्था आहेच. त्यापेक्षा फंडस कॅमेरा घ्या, म्हणजे बाहुलीतून आत बघून रेटिनाचा, डोळ्याच्या पडद्याचा फोटो. शेन आणि मुकाई या दोन डोळ्यांच्या डॉक्टरांनी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर असा कॅमेरा साधारण 185 डॉलरमध्ये बनवून 2017 मध्ये त्याची सगळी माहिती छापली, माझा उद्योग तिथूनच सुरू झाला.

सामान फार नाही. रास्पबेरी पाय 4, नॉयर कॅमेरा (यात आयआर म्हणजे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नसतो, तोच हवा), छोटी टचस्क्रीन, एक आयआर आणि एक पांढरा एलईडी, आणि 20 डायऑप्टर पॉवरची कंडेन्सिंग लेन्स (डोळ्याचे डॉक्टर आतला पडदा बघायला हातात धरतात ती). लेन्स सोडून बाकी सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका चकरेत होतं. लेन्स नवी घ्यायला महाग पडते, ओळखीच्या डॉक्टरांकडे जुनी पडलीय का विचारा.

लेन्सची फोकल लेंथ 50 मिमी, म्हणून ती डोळ्यापासून साधारण 5 सेंमीवर धरायची. प्रतिमा लेन्सच्या अलीकडे हवेत तयार होते आणि कॅमेरा तिच्यावर फोकस करायचा, त्यामुळे कॅमेऱ्याची चिमुकली लेन्स थोडी फिरवावी लागते, जपून, जोर लावला की गेली. चित्र उलटं दिसलं तर घाबरू नका, ते उलटंच येतं, कोडमध्ये 180 अंश फिरवा.

आता खरी डोकेदुखी. पांढरा लाइट पडला की बाहुली आकसते आणि मग आतलं काही दिसत नाही. म्हणून खोलीत अंधार करून फोकस आयआरवर करायचा, आयआर डोळ्याला दिसत नाही त्यामुळे बाहुली मोठीच राहते, आणि मग पांढरा एलईडी क्षणभर लावून फोटो. बाहुली आकसायला लागेपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद मिळतात. 30 एफपीएसला (सेकंदाला 30 फ्रेम) एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची, म्हणजे सहा फ्रेम. कॅमेरा ओळीओळीने वाचतो, त्यामुळे पहिली फ्रेम अर्धी काळी येते, ती टाका आणि तिसरी-चौथी ठेवा. मी आधी फोटोची कमांड फ्लॅशनंतर देत होतो आणि कॅमेरा मोड बदलेपर्यंत सगळा वेळ जायचा, दोन आठवडे लेन्सला शिव्या घातल्या. स्ट्रीम चालू ठेवून त्यातलीच फ्रेम उचला. आणि ऑटो एक्सपोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक करा, नाहीतर लालसर रेटिना बघून सॉफ्टवेअरला वाटतं रंग चुकलाय आणि ते सगळं राखाडी करून टाकतो.

एलईडी थेट पायच्या पिनला लावू नका, पिनमधून 16 मिलिअँपच्या वर ओढायचं नाही, मधे ट्रान्झिस्टर टाका. फोटोत मधोमध पांढरा ठिपका आला तर ते एलईडीचं रिफ्लेक्शन, लेन्स किंचित तिरकी करा, नाहीच गेलं तर एलईडी आणि कॅमेऱ्यासमोर एकमेकांना आडव्या पोलरायझर फिल्म लावा. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसली की व्होल्टेज कमी पडतंय, पॉवरबँक किंवा केबल बदला.

टेस्टिंगला टेबल टेनिसचा बॉल. बॉल 40 मिमीचा असतो, त्याला 6 मिमीचं भोक पाडा, आतून लाल पेनाने शिरा काढा (त्यासाठी बॉल अर्धा कापून परत चिकटवावा लागतो), भोकावर 40 मिमी फोकल लेंथची लेन्स. झाला डोळा.

माणसाच्या डोळ्यावर मात्र एवढ्यावर जायचं नाही, आजी घरातलीच आहे म्हणून पण नाही, आणि स्वतःच्या पण नाही. आधी लॅबमधून लाइट मोजून घ्या, आयएसओ 15004-2 मध्ये डोळ्यावर किती प्रकाश चालतो त्याच्या मर्यादा दिल्यात. पुढे डिव्हाइस म्हणून करायचं असेल तर 2017 च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखाली टेस्टिंगपुरतं बनवायला पण लायसन्स लागतं, अर्ज एमडी-12 फॉर्मवर.