मंचावरील पहिल्या ख्यालगायनाची तयारी कशी करावी

शास्त्रीय गायन शिकायला लागून तीन-चार वर्षे झाली की गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात किंवा गणेशोत्सवात मंचावर बसण्याची वेळ येते आणि सूचना मिळते ती बहुधा एवढीच, की तुम्हाला वीस मिनिटे आहेत. त्यानंतर बहुतेक विद्यार्थी तोच राग अधिक वेळ घोटत बसतात. रियाज हवाच, परंतु नवख्या गायकाचे मंचावर जे बिघडते, ते रागात क्वचितच बिघडते. ते बिघडते सुरुवातीला, लय सांगताना, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना आणि गाणे आवरताना. म्हणून या जागांची तयारी वेगळी करावी लागते.

प्रथम गुरूंच्या संमतीने राग ठरवावा आणि तो नवा नव्हे, तर गळ्यात मुरलेला असावा. प्रहराचा विचार करावा: यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, तर दुपारी चारच्या सुमारास भीमपलास शोभतो. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात वेळ पुढे सरकतेच. सकाळी दहाला तोडी गाण्याच्या तयारीने गेलेल्या विद्यार्थ्याची पाळी दुपारी एक वाजता येऊ शकते. अशा वेळी दुपारच्या वृंदावनी सारंगाची एखादी बंदिश, म्हणजे तालात बांधलेली रचना, तयार असली, तर मन अस्वस्थ होत नाही.

नंतर वेळेची वाटणी करावी. दीड-दोन मिनिटे आलाप, दहा-अकरा मिनिटे विलंबित (संथ लयीतला) ख्याल, पाच-सहा मिनिटे द्रुत (जलद) बंदिश आणि उरलेला वेळ राखीव, असा हिशेब वीस मिनिटांना पुरतो. शेवटचे पंधरा दिवस घड्याळ समोर ठेवून, मांडी न मोडता, मध्ये न थांबता संपूर्ण गाणे रोज एकदा गावे. चूक झाली तरी थांबू नये, कारण चुकीतून सावरून पुढे जाण्याचा सरावसुद्धा याच वेळी होत असतो. बंदिश मुखोद्गत असावी. समोर वही किंवा मोबाइल ठेवून गाणाऱ्याचे लक्ष शब्दांत अडकते आणि साथीदारांशी नजरानजर होत नाही.

साथीदारांना आपली पट्टी, म्हणजे आपला ‘सा’ हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीवर आहे ते, काही दिवस आधी कळवावी. काळी एकमध्ये गाणाऱ्यासाठी आणलेला तबला काळी चारमध्ये गाणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही, कारण एका तबल्याचा स्वर थोडाच चढवता-उतरवता येतो. शक्य झाल्यास एकदा तरी एकत्र बसावे आणि त्या बैठकीत लय नक्की करावी. माझ्या पहिल्या कार्यक्रमात मी तबलजींना केवळ ‘विलंबित एकताल’ एवढेच सांगितले होते. त्यांनी धरलेली लय माझ्या सवयीपेक्षा चढी होती, ती उतरवायला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही आणि वीस मिनिटांचे गाणे तेरा मिनिटांत संपले. तेव्हापासून मी मुखडा, म्हणजे समेवर आणणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ, मनात गुणगुणून, हाताने तीन-चार मात्रा मोजून दाखवतो आणि ठेका त्याच लयीत आला की मगच गायला लागतो. लय बदलून मागणे हा उद्धटपणा नाही. चांगल्या तबलजींना ते आवडते.

समेची भीती सर्वांनाच असते. एकतालाच्या बारा मात्रांत ‘तिरकिट’ दोनदा येते, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. पहिल्यानंतर ‘तू ना’ वाजते, दुसऱ्यानंतर ‘धी ना’ आणि लगेच सम. हा फरक कानात बसला, की आलापात कितीही रमले तरी परतीची वाट सापडते. तरीही मात्रा सुटल्याच, तर घाईने मुखडा पकडू नये. षड्जावर (‘सा’वर) स्थिर राहावे, तालाचे एक आवर्तन (पूर्ण फेरा) ऐकावे आणि पुढच्या समेला यावे. श्रोत्यांना तो विसावाच वाटतो.

सभागृहात पाऊण तास आधी पोहोचावे. वातानुकूलित हवेत तानपुऱ्याच्या तारांचा आणि तबल्याच्या पुडीचा स्वर हलतो, म्हणून घरून लावून आणलेले वाद्य तिथल्या हवेत पुन्हा लावावे. तानपुऱ्याची पहिली तार सामान्यतः पंचमाला असते. परंतु मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात ती मध्यमाला लावावी. माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर ठेवून, ज्या जोराने गाणार त्याच जोराने तार षड्जापर्यंत गाऊन पाहावे. स्वतःकडे वळवलेल्या स्पीकरमध्ये आपला आवाज आणि तानपुरा स्पष्ट येतो का, हे अवश्य तपासावे. तो न आल्यास गायक नकळत जोर लावतो आणि आवाज वर चढतो. ध्वनिव्यवस्थेत कृत्रिम घुमारा वाढवला असेल, तर तो कमी करून घ्यावा, कारण त्यात तानांचे दाणे विरघळून जातात.

गाण्यापूर्वी दोन तास हलके खावे व कोमट पाणी जवळ ठेवावे. मंचावर बसल्यावर साथीदारांना नमस्कार करून तानपुरा निदान अर्धा मिनिट ऐकावा. पहिला षड्ज सावकाश, पूर्ण श्वासाने लावावा आणि तो कापला तर पुन्हा लावावा. छातीतील धडधड दोन-तीन श्वासांत ओसरू लागते. तोपर्यंत अवघड हरकत घेऊ नये.

शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा, आधी ठरवून तबलजींना म्हणून दाखवावी. वेळ संपत आल्याची खूण झाली, तर चालू तान पुरी करून थेट तिच्यावर यावे. राहून गेलेल्या जागा कोंबण्याचा मोह टाळावा. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण दोन दिवसांनी गुरूंसमोर ऐकावे आणि षड्ज कुठे हलला, लय कुठे धावली, ते वहीत मिनिटांसह लिहून ठेवावे.