थायरॉईडचे रिपोर्ट आणि गोळ्या: या चुका टाळा

"डॉक्टर, माझा टीएसएच तर नॉर्मल आहे, मग ही गाठ आली कुठून?" सोनोग्राफीच्या टेबलावर मानेला जेल लावून पडल्या पडल्या हा प्रश्न हमखास येतो. याच्या उलटाही येतो: "सोनोग्राफी नॉर्मल आली ना, मग आता गोळी बंद करू?"

दोन्ही प्रश्नांमागे गफलत एकच आहे. टीएसएचसारखी रक्ताची तपासणी थायरॉईड ग्रंथी काम किती करते ते सांगते आणि सोनोग्राफी ती घडली कशी आहे ते दाखवते. काम उत्तम चालू असलेल्या ग्रंथीत गाठ असू शकते. पार थकलेली ग्रंथीही सोनोग्राफीत कधी कधी बऱ्यापैकी धड दिसते. एका कागदाला दुसऱ्याचा प्रश्न विचारला, की पुढचे बरेच घोळ तिथून सुरू होतात.

कंठमण्यालाच गाठ समजणं

गळ्याच्या मधोमध जो कडक उंचवटा लागतो तो कंठमणी, म्हणजे स्वरयंत्राची कूर्चा. थायरॉईड त्याच्या खाली असते. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना एकेक खंड, प्रत्येक साधारण ४ ते ६ सेंटिमीटर लांब, आणि दोघांना जोडणारी काही मिलिमीटर जाडीची पट्टी. ही पट्टी श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कड्यावर बसते. सगळी ग्रंथी मिळून वजन १५ ते २५ ग्रॅम. निरोगी ग्रंथी सहसा डोळ्यांना दिसत नाही.

ती श्वासनलिकेला घट्ट बांधलेली असल्याने घोट गिळताना वर सरकते. आरशासमोर मान जरा मागे करून पाण्याचा घोट घ्या. गाठ घोटाबरोबर वर गेली तर ती बहुधा थायरॉईडची. मध्यरेषेतली गाठ जीभ बाहेर काढल्यावरही वर ओढली जात असेल, तर तो वेगळाच मामला असतो. गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होऊन खाली उतरते आणि त्या वाटेचा उरलेला तुकडा पुढे पाण्याची गाठ म्हणून फुगू शकतो. मानेच्या बाजूची, घोटाबरोबर न हलणारी गाठ बऱ्याचदा लसिकाग्रंथीची असते. दुखत नाही म्हणून गाठ निरुपद्रवी, हा समज मात्र सोडून द्या. थायरॉईडचे बहुतेक कर्करोग सुरुवातीला दुखत नाहीत.

"मला थायरॉईड आहे"

ग्रंथी सगळ्यांनाच आहे. आजाराचं नाव विचारून घ्या, कारण यात दोन अगदी उलटे आजार एकाच नावाखाली फिरतात. हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये वर्णन केलेल्या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथी हळूहळू पोखरते आणि संप्रेरक (हार्मोन) कमी पडतं. ग्रेव्हज आजारात तीच प्रतिकारशक्ती ग्रंथीला सतत टाच मारत राहते आणि संप्रेरक उतू जातं. एकाची गोळी दुसऱ्याने घेतली तर अपाय ठरलेला. तरीही ओळखीतल्या कुणाची चिठ्ठी पाहून गोळी सुरू करणारे भेटतातच.

टीएसएचचा हिशेब सरळ लावणं

टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉईड बनवत नाही, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बनवते. थायरॉईड ढिली पडली की पीयूषिका तिला अधिक ओरडून हाका मारते. म्हणून आकडा वाढला म्हणजे ग्रंथी मंदावली, आणि आकडा शून्याजवळ गेला म्हणजे बहुधा ती जास्त काम करते आहे. 'टीएसएच जास्त, म्हणजे थायरॉईड जास्त' हे वाचन इतकं सर्रास आहे की मी आता आधी तेच तपासून घेतो.

हा आकडा भलताच संवेदनशील आहे. रक्तातलं टी४, म्हणजे थायरॉईडचं मुख्य संप्रेरक, निम्म्यावर आलं, तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, शंभर पटींच्या घरात जाऊ शकतो. त्यामुळे ३ चा ५ झाला म्हणून हवालदिल होऊ नये. सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४ च्या आसपास, प्रयोगशाळेगणिक थोडा फरक. दिवसभरातही तो हलतो, रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला रक्त दिलं तर फरक दिसणारच. मोठ्या आजारात, इस्पितळात भरती असताना केलेली तपासणी तर हमखास दिशाभूल करते. तातडीचं कारण नसेल तर बरं होईपर्यंत थांबावं.

टीएसएच किंचित वाढलेला, म्हणजे ४ ते १० च्या दरम्यान, आणि टी४ नॉर्मल असेल, तर लगेच जन्मभराची गोळी सुरू करणं ही घाई आहे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर कित्येकांचा आकडा आपोआप खाली आलेला असतो. वयाबरोबर तो थोडा चढतोही. गर्भवती किंवा गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रीला मात्र हा 'थांबून पाहू'चा नियम लागू नाही. आणखी एक अपवाद: दोष पीयूषिकेतच असेल तर टीएसएच नॉर्मल दिसूनही टी४ कमी असतं. तिथे एकट्या टीएसएचवर विसंबून चालत नाही.

अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) दर सहा महिन्यांनी करणाऱ्यांसाठी एकच वाक्य: एकदा पॉझिटिव्ह आली की काम झालं, त्या आकड्यावर गोळीचा डोस ठरत नाही.

केसांच्या गोळ्या घेऊन रक्त देणं

केस आणि नखांसाठीच्या पुष्कळ गोळ्यांत बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असतं. अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनचाच वापर असतो. रक्तात ते जास्त झालं की यंत्र फसतं: टीएसएच खोटा कमी, टी३ (थायरॉईडचं दुसरं संप्रेरक) आणि टी४ खोटे जास्त. कागदावर हुबेहूब ग्रेव्हज आजार उभा राहतो आणि माणूस ठणठणीत असतो. छातीत धडधड नाही, हाताला कंप नाही, वजन घटलेलं नाही, तरी रिपोर्ट भडकलेला असेल, तर पहिला प्रश्न या गोळ्यांचा. निदान दोन दिवस आधी त्या बंद कराव्यात. डोस फार मोठा असेल तर त्याहून जास्त दिवस.

गोळी बरोबर, वेळ चूक

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे कमी पडलेलं टी४ भरून काढणारी गोळी, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि खाण्याआधी किंवा चहा-कॉफीआधी अर्धा ते एक तास. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवा, त्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. 'डोस वाढवत नेला तरी टीएसएच उतरत नाही' अशा तक्रारीत पुष्कळदा उत्तर इथेच सापडतं. सकाळचं जमतच नसेल तर रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी घेतलेली गोळीही चालते. वेळ मात्र एकच ठरवा.

डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत तपासणी करून पुन्हा डोस बदलणं, ही चूक रुग्णही करतात आणि अधूनमधून डॉक्टरही. टी४ चं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं. रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाचेक आठवडे जातात आणि पीयूषिका त्यानंतर जुळवून घेते. म्हणून सहा ते आठ आठवडे. रक्त द्यायच्या दिवशी गोळी नंतर घ्या, नाहीतर टी४ काही तास उगाच चढलेलं दिसतं.

वजन उतरवण्यासाठी जास्त गोळी घेणं हा शुद्ध धोका आहे. हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात. दिवस राहिल्यावर घाबरून गोळी बंद करणं त्याहून गंभीर. पहिल्या काही महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतं आणि गरज साधारण पाव ते एक तृतीयांशाने वाढते. बंद करणं दूरच, डोस वाढवण्यासाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठायचं.

उलट्या बाजूची, म्हणजे वाढलेलं संप्रेरक कमी करणारं कार्बिमॅझोल घेणाऱ्यांची, एक गोष्ट ध्यानात असू द्या. ताप आणि घसादुखी आली तर ती साधी सर्दी समजून अंगावर काढू नका. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी एकाएकी कोसळतात. गोळी थांबवून त्याच दिवशी रक्ताची मोजणी करून घ्या.

सोनोग्राफी: कारण नसताना करणं आणि करून घाबरणं

टीएसएच वाढला, मान तपासताना गाठ लागत नाही, तरी 'एकदा बघून घेऊ' म्हणून सोनोग्राफी. हे मी, स्वतः प्रोब हातात धरणारा माणूस, सांगतो आहे: गरज नसते. बारकाईने पाहिलं तर प्रौढांपैकी फार मोठ्या वर्गाच्या ग्रंथीत काही ना काही गाठ सापडते आणि बहुतांश निरुपद्रवी असतात. दक्षिण कोरियात धडाक्याने अशा तपासण्या झाल्या, तेव्हा २०११ मध्ये थायरॉईड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. सापडलेल्या बहुतेक गाठींनी आयुष्यभर काही केलं नसतं, पण शस्त्रक्रिया झाली, गोळी लागली आणि काहींचा आवाजही गेला.

कारण असेल तेव्हा नीट करून घ्या. उपाशीपोटी यायची गरज नाही. जुना रिपोर्ट आणि प्रतिमा आणा, त्याशिवाय 'वाढली का' या प्रश्नाला उत्तर नाही. खांद्याखाली उशी घेऊन मान मागे टाकावी लागते, मणक्याचा त्रास असेल तर आधी सांगा.

रिपोर्टातले शब्द वाचताना 'पोत एकसारखा नाही' यावर अडकू नका. हाशिमोटोत ग्रंथी तशीच दिसते. द्रवाने भरलेली गाठ, तिच्यात चमकदार ठिपका आणि मागे धूमकेतूसारखी शेपटी, हे साठलेल्या कोलॉइडचं (ग्रंथीतल्या चिकट द्रवाचं) चिन्ह आणि शुभ. स्पंजासारखी जाळीदार गाठही तशीच. काळजीचे शब्द वेगळे: घन आणि गडद, कडा वेड्यावाकड्या, रुंदीपेक्षा उंची जास्त, शेपटी नसलेले बारीक पांढरे ठिपके, आवरणाबाहेर पसरणं, शेजारी बिघडलेल्या लसिकाग्रंथी. गाठीच्या अशा गुणांवरून टायरॅड्सचा, म्हणजे गाठ किती संशयास्पद दिसते ते सांगणारा, वर्ग ठरतो.

इथे मोठा गोंधळ होतो. टायरॅड्स ३ आणि बेथेस्डा ३ या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. पहिली सोनोग्राफीची, दुसरी सुईने काढलेल्या पेशींची. कर्करोगाच्या टप्प्यांशी दोन्हींचा संबंध नाही. टायरॅड्स ४ पाहून 'चौथी स्टेज' म्हणून रडत आलेले लोक पाहिले आहेत. शिवाय टायरॅड्सच्याही अनेक पद्धती आहेत, तेव्हा दोन रिपोर्टांची तुलना करताना पद्धत एकच आहे ना ते पाहा. २०१७ च्या अमेरिकन पद्धतीत सुईची तपासणी वर्ग ३ साठी २.५ सेंटिमीटरपासून, ४ साठी १.५ पासून आणि ५ साठी १ पासून. पहिल्या दोन वर्गांना सुई लागतच नाही.

आमच्या बाजूच्या चुकाही सांगायला हव्यात. ग्रंथीच्या डाव्या खंडामागून डोकावणारी अन्ननलिका गाठीसारखी दिसते. रुग्णाला घोट गिळायला सांगितला की आतून हवा-पाणी सरकताना दिसतं आणि 'गाठ' विरघळते. हाशिमोटोत सुजेचे ठिपके खोट्या गाठी म्हणून मोजले जातात, ते दोन्ही दिशांनी पाहिल्यावर आकार धरत नाहीत. छातीच्या हाडामागे उतरलेला गलगंड तर आम्हाला पुरता दिसतच नाही, तिथे सीटी लागतो. आणि केवळ ग्रंथी पाहून मानेच्या बाजू न पाहता उठणं, ही सर्वात महाग पडणारी चूक.

मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या फरकाला वाढ म्हणू नका. प्रोब थोडा तिरका धरला तरी तेवढा फरक पडतो. किमान दोन मापांत २० टक्के आणि प्रत्येकी २ मिलिमीटरची भर पडली तर वाढ मानतात.

सुईला घाबरणं, किंवा सुईची घाई

गाठ आहे आणि टीएसएच कमी आहे, तर आधी न्यूक्लियर स्कॅन, म्हणजे किंचित किरणोत्सारी औषध देऊन गाठ काम करते का ते पाहणारी तपासणी. गाठच संप्रेरक बनवत असेल तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता फार कमी, सुई बहुधा टळते. सुई लागलीच तर ती रक्त काढायच्या सुईहून जाड नसते. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो या भीतीपोटी तपासणी टाळण्यात अर्थ नाही. 'नमुना अपुरा' असा निकाल आला तर तो 'नॉर्मल' नव्हे, पुन्हा करावी लागते.

भराभर वाढणारी गाठ, नव्याने बसलेला आवाज, गिळताना किंवा श्वास घेताना अडथळा, लहानपणी मानेला दिलेलं रेडिएशन, घरात मेड्युलरी कर्करोग (थायरॉईड कर्करोगाचा घराण्यात येऊ शकणारा प्रकार): यांपैकी काही असेल तर वरचे 'थांबून पाहा'चे सल्ले तुमच्यासाठी नाहीत.

बाकीच्यांसाठी, सुई न लागलेल्या वर्ग ३ च्या गाठीला १.५ सेंटिमीटरपासून पुढे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी सोनोग्राफी पुरते. वर्ग ४ ला १ सेंटिमीटरपासून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी. दर तीन महिन्यांनी येणाऱ्यांना मी परत पाठवतो. पाच वर्षं गाठ जशीच्या तशी राहिली, तर पुढची सोनोग्राफी करायची नसते.