छापाचित्रं भिंतीवर चढण्याआधी

कोकणात छापाचित्रांचं, म्हणजे प्लेटवर किंवा लिनोवर रेषा कोरून, शाई लावून कागदावर छाप काढलेल्या चित्रांचं, प्रदर्शन भरवायचं ठरलं की आधी तारीख. गणपतीत चाकरमानी गावी असतात, गर्दी आयती मिळते, म्हणून भाद्रपदाचा मोह होतो. तो टाळाच. त्या दमट हवेत कागद फुगतो, बुरशी धरतो, आणि एकदा पडलेले तपकिरी डाग सहजी निघत नाहीत. दिवाळी सरल्यावर ते शिमग्याआधी, एवढीच मुदत आपल्या हातात आहे.

हॉल बघायला जाल तेव्हा भिंतीला हात लावून बघा. चिऱ्याची भिंत पाऊस गेल्यावरही ओल धरून राहते, पश्चिमेची तर जास्तच. तिथेच फ्रेम लावावी लागली तर मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळेल. आठवडाभर आधी हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवून रोज आकडा लिहा. आर्द्रता ५०-५५ टक्क्यांवर राहिली तर उत्तम; समुद्राकाठी ते नेहमी जमत नाही, पण चढउतार तरी रोखता येतात. दिवसा एसी चालू आणि रात्री बंद, हे मात्र नको.

मुंबई-बडोद्याहून येणारी चित्रं गुंडाळीत नको, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट मागवा. खोकं आल्या आल्या फोडू नका, एक दिवस हॉलच्या हवेत राहू द्या. माउंटबोर्ड, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती येणारा जाड पुठ्ठा, अॅसिड-फ्री हवा. सेलोटेप चित्राला कुठेही लागता कामा नये. जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा, पुढे पाण्याने सुटते. काच चित्राला टेकू देऊ नका. प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, दिवे एलईडी, आणि समुद्राकडच्या खिडक्यांना जाड पडदे.

मग नोंदवही. चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेलं ७/२५ म्हणजे पंचवीस प्रतींतली सातवी, ए.पी. म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. प्रत्येक चित्राचा हा आकडा, सही, तंत्र, कागदाचं माप आणि आल्या वेळची अवस्था फोटोसकट लिहून घ्या. माउंट कापताना सही आणि आकडा झाकला जाणार नाही, हे स्वतः उभं राहून बघा.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र छापा कसा निघतो ते समजावण्याच्या टेबलावर घालवा. माझ्या मते प्रदर्शनाचा जीव तिथे आहे. आपल्या घरांत छापील तसबिरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली सुरू झाला आणि देव भिंतीभिंतीवर पोचले. त्यामुळे ‘छापलेलंच आहे, मग एवढी किंमत का?’ असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. उत्तर हातात द्या. एखाद्या चित्रकाराकडून एचिंगची (आम्लाने रेषा कोरण्याच्या तंत्राची) तांब्याची किंवा जस्ताची प्लेट मागून घ्या आणि तिच्या छाप्याशेजारी ठेवा. आम्लाने खाल्लेल्या रेषा, त्यांत भरलेली शाई, प्रेसखालून जाताना ओलसर कागदावर उठलेली प्लेटची कड, हे जवळून दिसलं की छापा आणि झेरॉक्स यांतला फरक शाळेतल्या मुलालाही कळतो. लिनोचा (कोरायला सोप्या, मऊ लिनोलियमचा) तुकडा, कोरणी आणि रोलर ठेवून मुलांना एक छाप काढू द्या. सावर्ड्याच्या सह्याद्री कलामहाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना बोलवा, ते आपल्या बोलीत सांगतील. चित्रांशेजारच्या माहितीच्या चिठ्ठ्या मराठीत, मोठ्या अक्षरात.

विकलेल्या चित्राला लाल टिकली लावा, पण शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवरून काढू नका. देताना प्रमाणपत्रासोबत घेणाऱ्याला सांगा: स्वयंपाकघराची भिंत नको, थेट ऊन नको, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू बघा.