जुन्या चेन ट्रॅक्टरचं धुराडं दुरुस्त करताय? या चुका टाळा

स्वातंत्र्यानंतर मध्य भारतात कांस गवतानं व्यापलेल्या जमिनी मोडून काढायला जड चेन ट्रॅक्टर (चाकांऐवजी लोखंडी साखळपट्ट्यांवर चालणारे) लागले. त्या खरेदीसाठी जागतिक बँकेनं १९४९ साली भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. त्या पिढीतलं एखादं यंत्र तुमच्या वाड्यात किंवा गोठ्याशेजारी उभं असेल आणि ते पुन्हा चालवायची इच्छा असेल, तर धुराड्याचं काम हलक्यात घेऊ नका. पाइप कापला, नवा जोडला, झालं, एवढ्यावर हे भागत नाही. मी इथं मुख्यतः कॅटरपिलर डी-२ धरून लिहितोय. १९३८ ते १९५७ या काळात बनलेलं हे यंत्र अजून दुरुस्त होण्यासारखं आहे. बाकी जुन्या डिझेल चेन ट्रॅक्टरनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

"आधी सुरू करून बघू"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उभ्या धुराड्यावर झाकण नसेल, तर एका पावसाळ्यात किती पाणी आत जातं याचा अंदाज येत नाही. पाणी पाइपातून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या बिडाच्या नळीत, उतरतं. इंजिन थांबलं तेव्हा ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) उघडा राहिला असेल, त्या सिलिंडरमध्ये ते शिरतं. डी-२चं मोठं डिझेल इंजिन सुरू करायला दोन सिलिंडरचं वेगळं छोटं पेट्रोल इंजिन असतं. त्याचाही पाइप वर उघडा असला, तर तेही पाण्यानं जाम होतं.

पाणी दाबलं जात नाही. अशा सिलिंडरवर स्टार्टिंग इंजिनाचा जोर टाकला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि धुराड्याचं काम इंजिन उघडण्यावर जातं. म्हणून मॅनिफोल्ड आधी उतरवा आणि बॅटरीच्या उजेडात प्रत्येक पोर्ट (सिलिंडरमधून धूर बाहेर येण्याचं तोंड) बघा. कोरडी काळी काजळी दिसली तर ठीक. तांबूस गंजाचा ओघळ दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडा, चार-पाच दिवस थांबा, मग कंप्रेशन सोडून हातानं इंजिन फिरवा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा मिश्रण सोडा.

छोट्या इंजिनाचा पाइप विसरणं

या यंत्राची रचना मला मनापासून आवडते. छोट्या इंजिनाचा धूर सरळ बाहेर जात नाही. त्याचा पाइप मोठ्या इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या नळीच्या) आतून जातो, म्हणजे आत येणारी हवा थंडीत आधीच गरम होते. दोन्ही इंजिनांचं पाणीही एकच, त्यामुळे मोठ्याचा ब्लॉकसुद्धा तापतो. कडाक्याच्या थंडीत डिझेल पेट घ्यावं म्हणून केलेली ही सोय आहे.

हाच पाइप आतून गंजतो, आणि बाहेरून काही कळत नाही. छोटं इंजिन छान चालतं, मोठं फिरतं, पण पेटत नाही, पांढरा धूर टाकतं. मग इंजेक्टर काढले जातात, पंप दुकानात जातो, पैसे खर्च होतात, आणि ट्रॅक्टर जागेवरच. खरं कारण एवढंच, की मोठ्या इंजिनाला ताज्या हवेऐवजी छोट्याचा धूर मिळतोय.

तपासायला पाच मिनिटं लागतात. एअर क्लीनरकडून इनटेककडे येणारा जोड सोडा, मोठ्याचा क्लच न लावता फक्त छोटं इंजिन चालू करा. इनटेकच्या तोंडातून धूर आला तर पाइपाला भोक आहे. मोकळ्या जागेतच करा. बंद शेडमध्ये पेट्रोल इंजिनाचा धूर जीवघेणा असतो.

काही जण म्हणतात, एकदा सुरू झालं की झालं, चालू दे तसंच. हे करू नका. मोठं इंजिन चालू असताना त्याच भोकातून, एअर क्लीनरला वळसा घालून, उघड्या पाइपातली धूळ आत ओढली जाते. नांगरटीच्या धुळीत पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजायला वेळ लागत नाही. नवा पाइप बसवणं उत्तम. तो मिळत नसेल, तर इनटेकमधली दोन्ही भोकं नीट बंद करून छोट्याचा धूर वेगळ्या पाइपानं बाहेर काढता येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यानं अडत नाही, थंडीच्या पहाटे मात्र सुरू व्हायला जास्त वेळ लागेल.

स्टडशी घाई

सत्तर वर्षं तापलेला, गार झालेला स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणारा, डोकं नसलेला बोल्ट) नटासकट एकजीव झालेला असतो. पाना लावून झटका दिला की तो तुटतोच. माझ्या पहिल्या कामात मॅनिफोल्डचे दोन स्टड असेच तुटले. घाईत एकात एझी-आउट (तुटलेला बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घातला, तोही आत तुटला. तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. हेड (सिलिंडरांवरचं बिडाचं झाकण) उतरवून दुकानात न्यावं लागलं, आणि एका दिवसाचं काम तीन आठवड्यांवर गेलं.

त्यानंतर मी क्रम बदलला नाही. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल. दुसऱ्या दिवशी नट गॅसनं लालसर होईपर्यंत तापवायचा, थोडा निवू द्यायचा, आणि स्टडच्या बुडाशी मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, बारीक धूर निघतो. मग पाव फेरा मागे, पाव फेरा पुढे. कुरकुर आवाज आला तर थांबून पुन्हा मेण. अडलेला नट शेवटी छिन्नीनं किंवा ग्राइंडरनं फोडा. नट स्वस्त असतो, हेड नाही.

तुटलेला तुकडा बाहेर डोकावत असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंगनं भरा. त्या उष्णतेनंच आटे सैल होतात आणि नटाला पाना लावून तुकडा निघतो. ऑक्सि-गॅस असो की वेल्डिंग, डिझेलच्या नळ्या आधी बाजूला करा आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. वेल्डिंगच्या अर्थिंगचा चिमटा कामाच्या जवळच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. बसवताना नवे स्टड, पितळी नट आणि आटे पुन्हा जाम होऊ न देणारी कॉपरची अँटी-सीझ पेस्ट. पुढच्या माणसाला त्रास होणार नाही.

बिडाला लोखंडासारखं वागवणं

मॅनिफोल्ड बिडाचा असतो. साध्या रॉडनं थंडच जोडला की टाक्याच्या कडेनं नवी चीर जाते, कधी गार होतानाच टणकन आवाज येतो. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग चिरेवर व्ही आकाराची खाच कापा, पूर्ण तुकडा तापवा, निकेल रॉडनं इंच-इंच टाके घाला, प्रत्येक टाका हातोडीनं हलका ठोका, आणि शेवटी कोरड्या वाळूत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर निवू द्या. नंतर तोंडं सरळपट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. वाकलं असेल तर घासून सपाट करून घ्या, नट आवळून ते सरळ होणार नाही. दोन-तीन तुकड्यांच्या मॅनिफोल्डला मध्ये सरकणारे सांधे असतात, ते गळतात म्हणून वेल्डनं बंद करू नका. तापल्यावर लांबी वाढायला तीच जागा असते.

पाण्याचा पाइप धुराड्याला

हाताशी आहे म्हणून पाण्याचा, जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप वेल्ड केलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. जस्ताच्या धुरानं वेल्डरला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. काळा एमएस (मुलामा नसलेल्या साध्या पोलादाचा) पाइप वापरा. आतला व्यास मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा कमी नको, आणि उंच पाइपाला आधाराची पट्टी द्या. नाहीतर सगळा हादरा बिडाच्या फ्लँजवर (पाइप जोडायच्या कडेवर) येतो. जुनं गॅस्केट किंवा गुंडाळलेली दोरी अॅस्बेस्टॉसची असू शकते. कोरड्या वायर ब्रशनं खरडू नका, भिजवून, मास्क लावून काढा आणि पिशवीत बांधून टाका.

सायलेन्सरवर दोष ढकलणं

धुराड्याच्या तोंडाशी ओलसर, काळं, तेलकट काही ठिबकत असेल, तर लगेच सायलेन्सर बदलू नका. अंगणात नुसतं पंधरा मिनिटं संथ चालवून बंद केलं की अर्धवट जळलेलं डिझेल आणि तेल असं बाहेर येतं. अर्धा-पाऊण तास ओझ्याखाली नांगर चालवा. त्यानंतरही थांबलं नाही, तरच रिंगा आणि व्हॉल्व्ह गाइडकडे (झडपेच्या दांड्याच्या नळीकडे) बघा. सांध्याजवळ काळा ओघळ आणि थंड असताना टक-टक आवाज, ही मात्र गॅस्केट गळल्याची खूण.

नवं गॅस्केट बसवताना मधले नट आधी, मग दोन्ही टोकांकडे. पहिल्या दिवशी तापून यंत्र पूर्ण गार झालं की पुन्हा एकदा पाना फिरवा, बहुतेक नट थोडे सैल झालेले असतात. आणि घरी जाण्याआधी दोन्ही पाइपांवर झाकण घाला, आभाळ नसलं तरी.