पावसानंतरचा ट्रॅक आधी टाचेने तपासा

घोडा घसरला की सगळे चिखलाला शिव्या देतात. इतकी वर्षं रेसमध्ये बसल्यावर माझं मत वेगळं झालंय. सगळीकडे सारखाच चिखल असेल तर घोडा दोन-चार ढांगांत अंदाज घेतो, वेगही आपोआप उतरतो. घात होतो तो दहा टापा घट्ट जमिनीवर पडून अकरावी भसकन आत गेली की.

म्हणून पोरांनो, रेसच्या सकाळी अख्खा ट्रॅक पायी फिरा. टाच जोरात रोवा आणि पिळा. वळणं, रेलची म्हणजे ट्रॅकच्या कठड्याची कड, घोडे आडवे नेण्याची वाट इथे जास्त वेळ काढा. मागच्या रेसमध्ये उखडलेले खळगे वाळूने बुजवतात. वरून सपाट, बोट घाला तर आत पाणी. पेनेट्रोमीटरचा, म्हणजे जमिनीत दांडा घुसवून ती किती घट्ट ते मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा बघा जरूर, पण तो बऱ्याच ठिकाणच्या मोजमापांची सरासरी असतो. घोडा सरासरीवरून धावत नाही.

मातीच्या ट्रॅकवर पावसाआधी रोलर फिरवतात, म्हणजे पाणी मुरत नाही, वरून वाहून जातं. तसं तळं दिसलं म्हणून घाबरू नका, खालचा थर घट्ट असू शकतो. वाळत आलेला चिकट चिखल वाईट, तो पाय धरून ठेवतो.

सगळ्यांत फसवी मात्र कोरड्या, कडक गवतावरची पाच मिनिटांची सर. खाली दगड, वर साबण. अशाच एका भुरभुरीनंतर मी वळणावर आतली जागा दिसली म्हणून लगाम एकदम वळवला. घोड्याचे मागचे पाय निसटले. तो उठला, माझी कॉलरबोन मोडली. तेव्हापासून ओल्या वळणावर एक घोडा मावेल इतकं बाहेरून जातो, आणि लगामाचं काय ते वळणाआधीच उरकतो.

गॉगल एकावर एक तीन-चार चढवा. मळला की वरचा गळ्यात ओढायचा, तोही सरळ पट्ट्यात, वळणावर हात सोडून नाही. शेवटचा स्वच्छ गॉगल शेवटच्या सरळ पट्ट्यासाठी राखा. लगाम रबरी पकडीचा हवा.

विजेचा गडगडाट ऐकू आला की घोडे आत. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा.

स्टुअर्डांकडे, म्हणजे रेसवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाल तेव्हा 'ट्रॅक खराब आहे' एवढंच बोलू नका, त्याने काही हलत नाही. कितव्या खांबापाशी, रेलपासून किती पावलांवर, टाच किती आत गेली ते सांगा. मग माणूस उठून बघायला येतो.

रेस संपली की साईसाबरोबर, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याबरोबर, थांबा. आधी चारही पाय धुवा, चिखलाखाली कापलेलं दिसत नाही. नाल हलवून बघा. दमट उकाडा असेल तर अंगावर गार पाणी ओतत राहा, घोड्याची धाप कमी होईपर्यंत.